कंदात निजलेले फूल : हायसिंथ, कांदा आणि आपला वर्ग

दिवाळीच्या सुमारास रोपवाटिकांतून आणि घरपोच माल पाठविणाऱ्या दुकानांतून परदेशी फुलझाडांचे कंद विक्रीस येऊ लागतात. त्यांत हायसिंथ या फुलाच्या कंदाकडे लक्ष चटकन वेधले जाते. काचेच्या सुरईच्या तोंडावर बसविलेला जांभळट कंद, खाली पाण्यात उतरलेली पांढरीशुभ्र मुळे आणि वर निळ्या किंवा गुलाबी फुलांचा सुगंधी तुरा, असे चित्र पाहिले की ते आपल्या वर्गाच्या खिडकीत असावे, असे कोणाही शिक्षकास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पनवेलच्या हवेत हा कंद आणून नुसता पाण्यावर ठेवला, तर बहुधा निराशाच पदरी येते. पाने फुटतात, फुलाचा दांडा मात्र पानांच्या बेचक्यात खुजा राहतो किंवा उमलण्यापूर्वीच सुकतो. मुले समजतात, कंद किडका निघाला.

वस्तुतः कंद किडका नसतो. त्याला आवश्यक असलेली एक गोष्ट त्याला मिळालेली नसते आणि ती म्हणजे थंडी. ही थंडी कशासाठी लागते, ती आपल्याकडे कशी देता येईल, आणि ज्या शाळेत तशी सोय नाही तेथे हाच पाठ साध्या कांद्यावरून कसा शिकविता येईल, याचे विवेचन या लेखात केले आहे.

कंदाची घडण

मराठीत ‘कंद’ हा शब्द आपण व्यापक अर्थाने वापरतो. सुरण, अळकुडी, बटाटा, रताळे आणि कांदा या सर्वांना आपण कंदच म्हणतो. पण त्यांची घडण सारखी नाही. सुरण, अळकुडी व बटाटा ही अन्न साठवून फुगलेली खोडे आहेत. रताळे हे फुगलेले मूळ आहे. कांदा, लसूण, हायसिंथ यांच्या कंदात अन्न साठते ते मुख्यतः पानांत. हा भेद मुलांना सांगण्यापेक्षा दाखविणे अधिक सोपे आहे.

एक मोठा कांदा शेंड्यापासून बुडापर्यंत उभा चिरावा. तळाशी एक चपटी, कठीण चकती दिसेल. ते कांद्याचे खरे खोड. त्याच्या खालच्या अंगास मुळांचे धागे आणि वरच्या अंगास एकात एक बसलेले मांसल पापुद्रे असतात. हे पापुद्रे म्हणजे पानांचे अन्नाने भरलेले बुडखे होत. बाहेरची कागदासारखी टरफले ही वाळलेली पानेच असून आतील ओलावा राखणे हे त्यांचे काम. अगदी मध्यभागी फिकट हिरवा किंवा पिवळसर कोंब असतो. म्हणजे मूळ, खोड, पान आणि अंकुर असे एक संपूर्ण झाड त्या मुठीएवढ्या वस्तूत आवरून ठेवलेले असते. माळ्यावर टांगलेल्या कांद्याला पावसाळ्यात पाणी किंवा माती न मिळताही कोंब का फुटतो, याचे उत्तर या एका छेदात आहे. त्याची शिदोरी त्याच्याजवळच असते.

हायसिंथचा कंद असाच चिरला तर घडण तीच दिसते. पण एक गोष्ट अधिक आढळते. पक्व कंदाच्या गाभ्यात बारीक दाण्यांचा एक पुंजका असतो. भिंगातून पाहिल्यास त्या दाण्यांत चिमुकल्या कळ्या ओळखू येतात. म्हणजे आपण कंद विकत घेतो तेव्हा त्यातील फूल आधीच तयार असते. आपल्याला ते घडवावयाचे नसून केवळ बाहेर आणावयाचे असते.

प्रथम उष्णता, नंतर थंडी

हायसिंथचे मूळ घर तुर्कस्तानचा दक्षिण भाग, सीरिया व लेबनॉन हे आहे. तेथील ऋतुमान आपल्याहून अगदी उलटे. पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा आणि कडक जातो. त्यामुळे हे झाड वसंतात फुलते, उन्हाळा लागताच त्याची पाने वाळतात आणि कंद जमिनीत निजतो. बाहेरून तो निपचित दिसला, तरी त्या उष्ण महिन्यांतच त्याच्या आत पुढील वर्षाचे फूल आकार घेत असते. मग शरदातील ओलाव्याने मुळे फुटतात. त्यानंतर थंडीचे काही आठवडे गेले, की फुलाच्या दांड्याला लांब होण्याची शक्ती येते. ही थंडी मिळाली नाही, तर तयार फूलसुद्धा आतच अडकून पडते.

हे झाड १६ व्या शतकात युरोपात गेले आणि पुढे हॉलंडमधील हार्लेम शहराच्या परिसरात त्याची मोठी लागवड होऊ लागली. हॉलंडमधीलच वाखेनिंगन येथे ब्लाऊ या शास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास हायसिंथच्या कंदात कोणत्या महिन्यात काय घडते, याचा सूक्ष्म अभ्यास केला. कंद जमिनीतून काढल्यावर त्यांना ठरावीक उष्णतेत ठेवावयाचे, आतील फूल लवकर पूर्ण करून घ्यावयाचे आणि मग थंडी देऊन ऐन हिवाळ्यात घरात फुलवावयाचे, ही व्यापारी रीत अशा अभ्यासावर उभी आहे. सारांश, उष्णतेने फूल घडते आणि थंडीने ते बाहेर येते. या क्रमाचा पूर्वार्ध उत्पादकांनी उरकलेला असतो. उत्तरार्ध आपल्याकडे येतो.

ही थंडी म्हणजे सुमारे ९ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमान असून, ते सलग १० ते १२ आठवडे मिळावे लागते. श्रीनगर येथे २००७ साली खुल्या झालेल्या ट्यूलिप उद्यानात ट्यूलिपबरोबर हायसिंथही फुलतात, कारण काश्मीरचा हिवाळा हे काम आपोआप करतो. पनवेल खाडीकाठी वसलेले आहे. पौषात एखादी रात्र गार गेली, तरी ९ अंशांखालचे आठवडेच्या आठवडे येथे येत नाहीत. यास्तव थंडी कृत्रिमरीत्या देणे एवढाच मार्ग उरतो.

थंडी देण्याची रीत

आपल्यापैकी कित्येकजण नवीन पनवेलसारख्या वसाहतीत राहून तालुक्यातील गावी शाळेस जातात. सिडकोने बांधलेल्या या वस्तीतील घरांना अंगण नसले, तरी फ्रीज बहुतेक घरांत असतो. प्रयोगाचा पहिला भाग घरी व दुसरा शाळेत, अशी विभागणी केल्यास काम सुलभ होते. दिवाळीच्या सुट्टीचाही त्यात अडथळा येत नाही.

१. कंद हाताला टणक व वजनदार लागणारा घ्यावा. मऊ, बुरशी आलेला किंवा बुडाशी कुजलेला कंद घेऊ नये. खरेदी करताना ‘याला थंडी दिली आहे काय’ असे विक्रेत्यास विचारावे. दिली असल्यास फ्रीजमधील मुदत तेवढी कमी होते.

२. कंद कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवावेत; बर्फाच्या कप्प्यात ठेवू नयेत. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ओल साचून बुरशी धरते. पिशवीवर ठळक अक्षरांत ‘फुलांचे कंद, विषारी’ असे लिहावे आणि तारीख घालावी.

३. त्याच कप्प्यात सफरचंद, केळी, चिकू यांसारखी पिकणारी फळे ठेवू नयेत. पिकत्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, आणि त्याने कंदातील कळी मरते. आढीतील एका पिकल्या आंब्याने बाकीचे लवकर पिकतात, हे कोकणातील मुलांना ठाऊक असते. तो हाच वायू, हे येथे अवश्य सांगावे.

४. ठेवल्यापासून १२ आठवडे मोजावेत. १५ ऑक्टोबरला ठेवलेला कंद ७ जानेवारीस बाहेर काढता येईल.

५. नंतर अरुंद तोंडाच्या बरणीवर किंवा सुरईवर कंद बसवावा. पाण्याची पातळी कंदाच्या बुडाच्या किंचित खाली असावी. बूड पाण्यात बुडाले तर कंद कुजतो. मुळे आपोआप खाली उतरतात.

६. मुळे सुमारे १० सेंटिमीटर होईपर्यंत बरणी खोलीच्या सर्वांत गार व अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. कोंब वर आला की ती उजेडात आणावी. परंतु दुपारचे ऊन लागू देऊ नये. पाणी दर तीन-चार दिवसांनी बदलावे.

सर्व काही जमून आले, तर जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत तुरा उमलेल. आपल्याकडील उष्म्यात तो फार दिवस टिकत नाही. पाण्यावर फुललेला कंद आपली शिदोरी संपवून बसतो, आणि आपल्या हवेत तो पुन्हा फुलण्याची आशा धरू नये. मुलांना हे आधीच सांगितलेले बरे. खर्चाचाही विचार करावा. संपूर्ण शाळेसाठी दोन कंद पुरे आहेत. त्यांपैकी एकाला थंडी द्यावी व दुसऱ्याला देऊ नये. थंडी न मिळालेला कंद फुलला नाही, म्हणजे पैसे वाया गेले असे मानू नये. दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या, की ‘थंडीने काय होते’ हे मुलांस आपोआप उमगते.

एक गंभीर सूचना

हायसिंथचा कंद दिसण्यात कांद्यासारखा असला, तरी तो खाण्याजोगा नाही. पोटात गेल्यास मळमळ, उलटी व जुलाब होतात. त्याच्या सालीतील सूक्ष्म स्फटिकांमुळे हाताला खाजही सुटते. म्हणून तो हाताळताना हातमोजे वापरावेत किंवा नंतर हात स्वच्छ धुवावेत. ज्या शाळेत पोषण आहार शिजतो, तेथे हा कंद स्वयंपाकाच्या खोलीत किंवा कांद्याच्या टोपलीजवळ क्षणभरही ठेवू नये. घरच्या फ्रीजमधील कंदाविषयीही घरातील सर्वांना सांगून ठेवावे. कंद आणणाऱ्या शिक्षकानेच त्याची मोजदाद ठेवावी व प्रयोग संपल्यावर त्याची विल्हेवाट स्वतः लावावी.

थंडीने फुलणारा आपला कंद

थंडी लागणारा कंद पाहण्यासाठी हॉलंडला जाण्याचे कारण नाही. तो आपल्या भाकरीबरोबर रोज आपल्या ताटात असतो. कांदा हे दोन हंगामांचे पीक आहे. पहिल्या हंगामात बियापासून कांदा होतो. तोच पुन्हा लावला तर दुसऱ्या हंगामात त्याला फूल व बी येते. मात्र हायसिंथहून येथे एक फरक आहे. लावतेवेळी कांद्याच्या गाभ्यात फूल नसते. सुमारे ८ ते १२ अंशांच्या गारव्यात काही आठवडे गेल्यावरच त्याचा अंकुर पाने सोडून फुलाकडे वळतो. म्हणजे हायसिंथला थंडी लागते ती तयार फूल बाहेर काढण्यासाठी, आणि कांद्याला ती लागते फूल घडविण्यासाठीच.

ही थंडी देशावरील हिवाळा पुरवितो. नाशिक जिल्ह्यातील निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याची बातमी आपण हिवाळ्यात अनेकदा वाचतो. त्याच नाशिक, पुणे, अहिल्यानगर या भागांत कांद्याचे बी धरणारे शेतकरी निवडक कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात. थंडी सरता सरता पोकळ, उंच दांड्यांवर पांढरे गोल गोंडे डोलू लागतात. एकेका गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात. त्यांवर मधमाश्या आल्या तरच बी चांगले भरते, कारण एका फुलातील पराग बहुधा त्याच फुलाच्या उपयोगी पडत नाही. पराग सुटतो तेव्हा त्या फुलाचे स्त्रीकेसर पक्व झालेले नसते. उन्हाळ्याच्या तोंडाशी गोंडे खुडून बी काढतात. शेतकरी त्याला उळे म्हणतात. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयात या पिकाचा विशेष अभ्यास चालतो.

बी धरणाऱ्यास जी थंडी वरदान, तीच कधी कधी बाजारासाठी कांदा पिकविणाऱ्यास शाप ठरते. रोपे मोठी झाल्यावर कडाक्याची थंडी लांबली, तर कांदा भरण्याआधीच फुलाचे दांडे निघतात. यास डेंगळे येणे असे म्हणतात. अशा कांद्याचा गाभा कठीण होतो, तो साठवणीत टिकत नाही आणि बाजारात त्याला भाव मिळत नाही. एकाच कारणाचे दोन परिणाम, एक लाभाचा व एक हानीचा, हा वरच्या इयत्तांतील मुलांशी चर्चा करण्याजोगा विषय आहे.

वर्गात कांदा

पुढील प्रयोगास जवळजवळ खर्च नाही. तो दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करावा, म्हणजे मध्ये खंड पडणार नाही.

कांद्याहून किंचित अरुंद तोंडाचे चार काचेचे पेले किंवा बरण्या घ्याव्यात. तोंड रुंद असल्यास कांद्यात बांबूच्या तीन काड्या आडव्या खोचून तो तोंडावर टेकवावा. बुडाची सुटी टरफले काढून टाकावीत. पाणी कांद्याच्या बुडास जेमतेम लागेल इतकेच भरावे व दोन-तीन दिवसांनी बदलावे. पहिली बरणी खिडकीत ठेवावी. दुसरी उपड्या खोक्याखाली अंधारात ठेवावी. तिसरीत पाणी घालू नये. चौथीत आपल्याच जिल्ह्याचा अलिबागचा पांढरा कांदा ठेवावा. भातानंतर घेतल्या जाणाऱ्या आणि माळांनी विकल्या जाणाऱ्या या कांद्यास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याची वाढ लाल कांद्याहून वेगळी आहे काय, हे मुलांनाच शोधू द्यावे.

बहुधा आठवड्याच्या आत मुळे दिसू लागतात व पुढे पात फुटते. अंधारातील पात पिवळी व लांबोडकी होते, कारण उजेडावाचून पानांत हरितद्रव्य तयार होत नाही. पाणी नसलेल्या कांद्यालाही कोंब आला, तर तो आपल्या शिदोरीवरच आला हे मुले ओळखतील. तीन आठवड्यांनंतर पहिल्या बरणीतील कांदा उभा चिरून नव्या कांद्याशेजारी ठेवावा. पापुद्रे मऊ व पातळ झालेले दिसतील. अन्न कोठे गेले, या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधावे लागणार नाही.

ज्यांना पुढे जावयाचे असेल त्यांनी सारख्या आकाराचे चार कांदे घ्यावेत. दोन कांदे आठ आठवडे फ्रीजमध्ये व दोन बाहेर ठेवावेत. नंतर चारही एकाच जातीच्या मातीत कुंड्यांत लावून कोणास दांडा येतो ते पाहावे. जो निकाल दिसेल तोच वहीत लिहावा. अपेक्षेप्रमाणे काही घडले नाही, तर तेही तसेच लिहावे. न जमलेला प्रयोग प्रामाणिकपणे नोंदविणे, हा विज्ञानशिक्षणाचा पहिला संस्कार आहे.

पावसाने जागे होणारे कंद

हायसिंथला थंडी जागे करते, तद्वत् कोकणातील कंदांना पाऊस जागे करतो. आपल्याकडे वनस्पतींवर संकट येते ते बर्फाचे नव्हे, तर उन्हाळ्यातील कोरडेपणाचे. ते टाळण्यासाठी आपले रानकंद जमिनीत दडून राहतात. रानकांदा, ज्यास कोळकांदा असेही नाव आहे, उन्हाळ्यात पाने येण्यापूर्वीच उंच दांडा वर काढतो. कोकणच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर पहिल्या सरींनंतर दीपकाडीची पांढरी, लांब नळीची फुले उमलतात. १९ व्या शतकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे शास्त्रीय वर्णन केले व नावातच ‘कोकण’ गोवले. हे दोन्ही कंद हायसिंथच्या कुळातील. म्हणजे ज्या फुलासाठी आपण दूरदेशी पैसे पाठवितो, त्याचे सगोत्र आपल्याच मातीत निजलेले आहेत.

मात्र ते शाळेत आणण्यासाठी उपटू नयेत. रानकांदा विषारी असून त्यातील द्रव्ये हृदयावर परिणाम करतात. दीपकाडी तर कोकणपट्टीबाहेर सहसा आढळत नाही. एक कंद खणला की त्या सड्यावरील एक पिढी कमी होते. क्षेत्रभेटीत ती जागीच पाहावी, चित्र काढावे, तारीख लिहावी आणि परतावे. शाळेच्या परसबागेत लावण्यासाठी बाजारात मिळणारा निशिगंध योग्य आहे. हे झाड मूळचे मेक्सिकोचे. पण महाराष्ट्रात ते इतके रुळले आहे की राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले रजनी’ ही त्याची जात काढली आहे. त्याला थंडी लागत नाही. भरपूर ऊन व निचऱ्याची माती लागते. लाल चेंडूसारखे फुलणारे मे फ्लॉवरही कुंडीत सहज येते. ते उन्हाळ्याच्या सुट्टीत फुलते, म्हणून कुंडी जवळ राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी ठेवावी व फुलल्याची तारीख त्यालाच नोंदवू द्यावी.

येथे एका नामसाम्याचा खुलासा करणे इष्ट आहे. तळ्यांत व संथ नद्यांत माजणाऱ्या जलपर्णीस इंग्रजीत ‘वॉटर हायसिंथ’ म्हणतात. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली पाणवनस्पती आहे. तिचा या कंदाशी संबंध नावापुरताच आहे. तिची फुले सुंदर दिसतात म्हणून ती शाळेच्या टाक्यात आणू नये. ती झपाट्याने वाढून पाणी व्यापते.

इयत्तावार कार्य

पहिली व दुसरीच्या मुलांनी कांदा पाहावा, हाताळावा व आठवड्यातून एकदा त्याचे चित्र काढावे. तिसरी ते पाचवीच्या मुलांनी मुळांची व पातीची लांबी दोरा आणि मोजपट्टी यांनी मोजून तक्ता भरावा. सहावी व त्यावरील मुलांनी त्याच तक्त्यावरून आलेख काढावा आणि अंधार, पाणी व थंडी यांपैकी कोणत्या गोष्टीने कोणता फरक पडला, हे आपल्या शब्दांत लिहावे. एकशिक्षकी शाळेत हे तिन्ही गट एकाच बरणीभोवती बसू शकतात, हा या प्रयोगाचा आणखी एक लाभ आहे. कांदा चिरण्याचे काम मात्र शिक्षकानेच करावे.

सारांश, प्रत्येक कंद आपल्या मायदेशाचे पंचांग पोटात घेऊन येतो. हायसिंथच्या पंचांगात हिवाळा आहे, नाशिकच्या कांद्याच्या पंचांगातही तो आहे, आणि दीपकाडीच्या पंचांगात मृगाचा पाऊस आहे. ते पंचांग ओळखून वागणाऱ्यालाच कंद फूल देतो. न फुललेला कंद पाहून ‘तो किडका होता’ असे म्हणणारे मूल जेव्हा ‘त्याला काय मिळाले नाही?’ असे विचारू लागेल, तेव्हा खिडकीतील बरणीत तुरा उमलला असो वा नसो, आपला पाठ सफल झाला असे समजण्यास हरकत नाही. वर्गात मागे राहिलेल्या मुलाकडे पाहतानाही शिक्षकाने हाच प्रश्न स्वतःस विचारावा, एवढीच विनंती.